निंबाची सावली, ओटा आणि मांडव : ग्रामीण ख्रिस्ती मंडळ्यांच्या उपासनास्थळांविषयी काही विचार

वर्धा जिल्ह्याच्या उत्तर भागात, नागपूरहून अमरावतीकडे जाणाऱ्या मार्गावर कारंजा (घाडगे) हे गाव आहे. पूर्वी ते आर्वी तहसिलीत मोडत असे. आज ते स्वतः तालुक्याचे ठिकाण झाले आहे. ह्या किंवा ह्यासारख्या कोणत्याही जुन्या गावाची रचना पाहिली तर माणसांनी एकत्र बसण्याच्या जागा तेथे आधीच ठरून गेलेल्या दिसतात. चावडी आहे, वडापिंपळाचा पार आहे, देवळापुढील सभामंडप आहे, बाजाराचा तळ आहे. ह्या सर्व जागा उघड्या खऱ्या, परंतु त्यांपैकी एकही निर्धनी नव्हती. पारावर कोणी बसावे, चावडीच्या पायरीखाली कोणी उभे राहावे, सभामंडपाच्या कोणत्या खांबापर्यंत कोणी यावे, ह्याविषयी लेखी नियम नसले तरी गावात संदेह नसे. गावकुसाबाहेरच्या वस्तीतील माणसाला ह्यांतील बाजारतळ तेवढा थोडाबहुत मोकळा; तोही आठवड्यातून एकच दिवस.

एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्राच्या खेड्यांतून ज्या ख्रिस्ती मंडळ्या उभ्या राहिल्या त्यांतील बहुसंख्य माणसे ह्याच गावकुसाबाहेरच्या वस्तीतून आली होती. त्यांनी एकत्र कोठे बसावे, हा प्रश्न म्हणून वाटतो तितका किरकोळ नव्हता. धर्मांतराच्या इतिहासात कोण आले, किती आले आणि का आले ह्यांची चर्चा पुष्कळ झाली आहे. आल्यावर ती माणसे बसली कोठे, ती जागा त्यांनी हळूहळू कशी सुधारली, आणि त्या सुधारणेत काय मिळवले व काय गमावले, ह्याकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले आहे.

विदर्भात ह्या प्रश्नाचे उत्तर सहजी सापडत नाही, ह्याचे कारण तेथील मिशनकार्याच्या स्वरूपात आहे. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरास आले. त्यांचे काम मुख्यतः शहराचे व शाळेचे होते. त्यांच्या नावाचे महाविद्यालय पुढे १८८३ मध्ये निघाले. हिवाळ्यात ते व त्यांचे सहकारी खेड्यापाड्यांतून फिरत व बाजारात उपदेश करीत. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील शिलावर्तुळांची पाहणी करून परतताना ओढ्याच्या पुरात त्यांचा अंत झाला, ही घटना पुरातत्त्वाच्या अभ्यासकांस परिचित आहे. बाजारातील उपदेशाला जमणारा समुदाय हा येणाऱ्या-जाणाऱ्यांचा समुदाय असतो. भाजीची टोपली खाली ठेवून घटकाभर ऐकावे आणि पुढे चालू लागावे, असा तो प्रकार. अशी जागा कोणी सारवीत नाही, तिच्याभोवती कोणी ओटा बांधीत नाही. जागा सुधारण्याची इच्छा होण्यास आधी त्या जागेवर पुनःपुन्हा परत येणारी माणसे हवीत. ती मोठ्या संख्येने प्रथम दिसतात ती अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्यात. म्हणून ह्या विषयाचा मागोवा तेथूनच घेणे इष्ट होय.

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले प्रतिनिधी गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरले. अहमदनगरचे ठाणे १८३१ च्या अखेरीस सुरू झाले व १८३३ मध्ये तेथे मंडळी स्थापन झाली. १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे पत्र निघाले. प्रारंभीची ही मंडळी लहान होती आणि तिच्यात हरि रामचंद्र खिस्ती ह्यांच्यासारखे ब्राह्मण जातीतून आलेले लोक प्रमुख होते. शहरातील मिशनच्या आवारात त्यांना बसण्यास छप्पर होते. खेड्यांतील महार कुटुंबे येऊ लागली तेव्हा परिस्थिती पालटली. गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यातील गावोगावी दोन घरे, चार घरे अशी विखुरलेली ही माणसे दर आठवड्यास नगरास येणे शक्य नव्हते. मंडळीने त्यांच्याकडे जाणे भाग होते.

१८५४-५५ मध्ये अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन हिंदुस्थानातील कामाच्या पाहणीस आले. देशी मंडळ्या स्वावलंबी, स्वशासित व स्वप्रसारक असाव्यात, हे त्यांचे प्रसिद्ध सूत्र. त्याच सुमारास हरि रामचंद्र खिस्ती व रामकृष्णपंत मोडक ह्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, आणि मोठ्या ठाण्याऐवजी खेड्यातील लहान मंडळीवर भर आला. इंग्रजी शाळांना ह्या धोरणाचा जबर फटका बसला व त्याबद्दल अँडरसनवर टीकाही पुष्कळ झाली. उपासनास्थळाच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा, की गावच्या मंडळीला जी जागा पेलवेल तीच तिची जागा. परदेशी पैशाने बांधलेली आणि गावाच्या ऐपतीबाहेरची इमारत ही त्या सूत्रात बसत नव्हती.

मग गावच्या मंडळीला पेलवेल अशी जागा कोणती? बहुधा महारवाड्यातील निंबाचे झाड. नगरच्या कोरड्या मुलखात वडापिंपळापेक्षा निंब सहज जगतो, आणि पारावरचे वड-पिंपळ तर गावचे. निंब मात्र कोणाच्याही दारी उगवतो. क्वचित महारवाड्यातील तक्क्या, म्हणजे जातीच्या बैठकीची व पाहुण्यांच्या उतरण्याची सामाईक जागा, वापरता येई. परंतु तो सर्व भावकीचा असल्याने ख्रिस्ती न झालेल्या भाऊबंदांची संमती लागे आणि ती प्रत्येक वेळी मिळेच असे नाही. एकाच भावकीतील दोन घरे ख्रिस्ती झाली व आठ राहिली, तर तक्क्यावरचा हक्क कोणाचा? वतनाच्या कामाची पाळी, बलुत्याचा वाटा, लग्नकार्यातील मान ह्या सर्व गोष्टींबरोबर बसण्याच्या जागेचाही तंटा उभा राही. निंबाखाली तो प्रश्न तूर्त टळे.

उघड्यावरील भजनाची ह्या लोकांस नवलाई नव्हती, हेही ध्यानात घेतले पाहिजे. पंढरपूरच्या देवळात ज्याला प्रवेश नव्हता त्या चोखामेळ्याची समाधी महाद्वारासमोर आहे, आणि त्याच्या वंशातील भक्तांना शतकानुशतके तेथूनच दर्शन घ्यावे लागले. चंद्रभागेच्या वाळवंटात कीर्तन होते तेव्हा डोक्यावर आकाशच असते. देव चार भिंतींच्या आत आणि आपण बाहेर, ही स्थिती महार भक्ताच्या अंगवळणी पडलेली होती. निंबाखालच्या उपासनेत बाहेर बसणे तेच राहिले. परंतु आत कोणी नव्हते, हा फरक लहान नव्हे.

पहिली सुधारणा ओट्याची. दगडमातीचे हात-दीड हात उंचीचे जोते घालावयाचे, मुरूम चोपून भरावयाचा, वरून शेणाने सारवावयाचे. ह्यास गवंडी लागत नाही. पुरुषांनी दगड आणावेत, स्त्रियांनी माती भिजवावी व सारवण करावे, असे चार दिवसांचे काम. ओट्याने पावसाचे पाणी बसण्याच्या जागी साचत नाही आणि विंचूकाट्याचे भय उणे होते, हा त्याचा प्रत्यक्ष लाभ. परंतु ओटा झाला की जागेला हद्द येते. निंबाखाली बसणारा माणूस झाडाच्या सावलीत बसलेला असतो. ओट्यावर बसणारा कोणाच्या तरी ओट्यावर बसतो. गावकुसाबाहेरच्या माणसाने स्वतःच्या बैठकीला उंची द्यावी, ही गोष्ट पाटील-कुलकर्ण्यांच्या नजरेतून सुटणारी नव्हती. खेड्यात घराचे जोते किती उंच असावे ह्यालाही प्रतिष्ठेचा अर्थ होता, हे ज्यांनी जुनी गावे पाहिली आहेत त्यांना सांगावयास नको.

ओट्यावर मांडव ही दुसरी पायरी. चार मेढी, आडवे वासे, वर कडब्याचे किंवा उसाच्या पाचटाचे छप्पर. उन्हाळ्यात तो पुरेसा असे, पावसाळ्यात नसे. मांडव हा मुळात तात्पुरता, लग्नाकार्यापुरता. त्यामुळे त्याला गावाचा विरोधही फारसा नसावा. दरवर्षी नवा घालावा लागणारा मांडव आणि त्यासाठी दर घरातून येणाऱ्या चार पेंढ्या, ह्यांतून वर्गणीची सवय लागली असणे संभवते. अँडरसनच्या सूत्रातील ‘स्वावलंबन’ हा मोठा शब्द. खेड्यात तो कडब्याच्या पेंढीच्या मापानेच मोजावा लागला.

ह्यापुढची पायरी मात्र वेगळ्या जातीची आहे, आणि येथे विषयाचा खरा गाभा येतो. मिशनच्या बहुतेक गावी शाळा आली, आणि शाळेसाठी खोली आली : मातीच्या भिंती, लाकडी तुळया, वर पांढऱ्या मातीचे धाबे, दोन किंवा तीन खण. आठवड्याचे सहा दिवस तीत मुले शिकत, रविवारी तीत उपासना होई. शिक्षक हाच बहुधा उपदेशक. दाराशी घंटेच्या जागी एखादा लोखंडाचा तुकडा टांगलेला. ही खोली म्हणजे निंबाखालच्या जागेची स्वाभाविक परिणती, असे अहवालांच्या भाषेवरून वाटते. परंतु उघडी जागा आणि भिंतींची खोली ह्यांत माणसे सारखी बसत नाहीत.

उघड्या जागेला कड नसते. मध्यभागी मंडळी बसलेली, तिच्या मागे न झालेले भाऊबंद, त्यांच्याही मागे, वीस-पंचवीस हातांवर, रस्त्याच्या बाजूला उभा राहून ऐकणारा एखादा कुणबी किंवा माळी. तो उभा आहे, बसलेला नाही. आपण ऐकावयास आलो असे तो म्हणणार नाही, वाटेने जात होतो असेच म्हणेल. त्याला विटाळ होत नाही, कारण त्याने कोणताच उंबरठा ओलांडलेला नाही. खोलीत उपासना सुरू झाली की हा माणूस नाहीसा होतो. महारवाड्यातील खोलीत शिरणे आणि वाटेवर उभे राहणे ह्यांत त्या काळी जमीनअस्मानाचे अंतर होते. मराठा व इतर जातींत शुभवर्तमान का पोचत नाही, ह्या मिशनऱ्यांना सदैव छळणाऱ्या प्रश्नाच्या अनेक उत्तरांपैकी एक उत्तर ह्या उंबरठ्यात होते.

येथवर पाहिले तर भिंतींनी हानीच केली असे म्हणावे लागेल. परंतु ह्याच गोष्टीला दुसरी बाजू आहे, आणि ती अधिक महत्त्वाची आहे. उघड्या जागेवर जे अंतर शेजारच्या कुणब्याला सोयीचे होते तेच अंतर मंडळीच्या आतही सोयीचे होते. महार आणि मांग ह्यांच्यातील दुरावा धर्मांतराने एका दिवसात गेला नाही. ओट्यावर महार कुटुंबांनी बसावे आणि मांग कुटुंबांनी खाली जमिनीवर, थोडे बाजूस; हे कोणी सांगितल्याशिवायही घडू शके, आणि कोणी विचारले तर ‘जागा पुरत नव्हती’ एवढे उत्तर पुरे होई. दोन खणांच्या खोलीत हे शक्य नाही. तेथे गुडघ्याला गुडघा लागतोच. प्रभुभोजनाच्या वेळी एकाच प्याल्यातून घेण्याचा नियम मिशनने आग्रहाने पाळला. त्या प्याल्याने जे केले तेच काम रविवारच्या रविवारी ह्या लहानशा, कोंदट, अपुऱ्या खोलीने केले. मोठी व ऐसपैस इमारत असती तर तिने ते केले नसते. मोकळ्या जागेत समतेचा वास असतो अशी आपली एक भाबडी समजूत आहे. खेड्यातील मोकळी जागा ही अस्पृश्यतेची शत्रू नव्हती; अस्पृश्यता सांभाळून शेजारधर्म चालविण्याची ती एक सोय होती.

स्त्रियांच्या बाजूनेही असेच. उघड्यावरच्या जमावात त्या कडेला, पोर कडेवर घेऊन, डोक्यावरचा पदर सावरीत बसणार. वाटेवरचे पुरुष बघत असताना मोठ्याने गाणे त्यांना संकोचाचे. खोलीत पुरुष एका अंगाला व स्त्रिया दुसऱ्या अंगाला अशी बसण्याची रीत पडली, आणि त्या अर्ध्या खोलीवर स्त्रियांचा हक्क निर्विवाद झाला. तेथे दिवा लावता येई. दिव्याखाली अक्षरे गिरवता येत. नगरमध्ये सिंथिया फरार ह्यांनी मुलींच्या शिक्षणाचे जे काम उभे केले त्याची परंपरा खेड्यापर्यंत पोचावयाची तर तिला भिंती आणि दार हवेच होते.

म्हणजे एका बाजूस शेजारी आणि दुसऱ्या बाजूस स्वतःच्या मंडळीतील दुर्बल माणसे, ह्यांपैकी कोणासाठी जागा सुधारावयाची, असा हा पेच होता. तो कोणी अशा शब्दांत मांडला नाही. तथापि मंडळ्यांनी जे प्रत्यक्ष केले त्यावरून तो त्यांना जाणवत होता असे दिसते. त्यांनी खोलीही ठेवली आणि ओटाही ठेवला. सकाळची उपासना खोलीत आणि रात्रीचे कीर्तन ओट्यावर, अशी विभागणी ठिकठिकाणी रूढ झाली.

ख्रिस्ती कीर्तनाचा उदय हा स्वतंत्र निबंधाचा विषय आहे. १८६० नंतरच्या दशकात नगरच्या मिशनमध्ये ह्या प्रकारास चालना मिळाली आणि कृष्णराव सांगळे ह्यांचे नाव त्यात अग्रभागी आहे. तोवर मंडळीचे गायन मुख्यतः हेन्री बॅलंटाइन ह्यांच्यासारख्या मिशनऱ्यांनी रचलेल्या, पाश्चात्त्य चालींवरील गीतांचे होते. ती गीते खोलीत बसून, पुस्तक हाती धरून गावयाची. कीर्तनाला पुस्तक लागत नाही. उभा राहणारा कीर्तनकार, मागे टाळकरी, मृदंग, आणि समोर अर्धवर्तुळात बसलेला, रात्र चढेल तसा वाढणारा समुदाय लागतो. त्याला ओटा पाहिजे, मागे भिंत असली तर आवाजाला बरी, पण समोर भिंत नको. भिंगाचा कंदील किंवा मशाल, वर निंब, खाली घोंगड्या. पाठीशी खोली आणि पुढे ओटा ही जी रचना अनेक गावी दिसे ती कीर्तनाच्या गरजेला इतकी जुळती आहे, की तिचा नकाशा मिशनच्या कचेरीत आखला गेला असे मानण्यापेक्षा ती गरजेतून आपोआप जमली असे मानणेच सयुक्तिक वाटते.

नगरजवळच्या वडाळ्याचे उदाहरण ह्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. सॅम्युएल फेअरबँक १८५७ पासून तेथे राहिले. १८९८ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. शेतीच्या सुधारणांत रस घेणारा हा गृहस्थ देशी गायनाचाही पुरस्कर्ता होता. वडाळे हे नेवासे तालुक्यातले. ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये गीतेवरील टीका जेथे सांगितली ते नेवासे, आणि ज्याला टेकून सांगितली असे परंपरा मानते तो ‘पैसाचा खांब’ तेथेच आहे. ‘पैस’ म्हणजे विस्तार, ऐसपैस जागा. एका खांबाला हे नाव पडावे हे मोठे सूचक आहे. त्या मुलखातल्या माणसांना धर्माचे निरूपण ऐकण्यासाठी मोकळ्यावर बसणे कोणी शिकवावे लागले नाही.

मिशनऱ्यांमध्ये सर्वांनाच हे रुचत होते असे नाही. टाळमृदंग म्हणजे मूर्तिपूजेचा अवशेष, जमिनीवर बसणे म्हणजे शिस्तीचा अभाव, असे मानणारा एक पक्ष सर्वच मिशनांत होता. बाके, व्यासपीठ आणि बाजाची पेटी ह्यांना त्या दृष्टीने सुधारणेचे चिन्ह म्हणून मान होता. गमतीची गोष्ट ही, की ह्या पक्षाला देशी मंडळीतूनही पाठिंबा मिळे. जन्मभर ज्याला जमिनीवर, तेही खालच्या बाजूस बसावे लागले त्याला बाकाचे आकर्षण वाटणे अस्वाभाविक नव्हते. ब्राह्मण ख्रिस्त्याला सतरंजीवर बसण्यात देशी साधेपणा दिसे. महार ख्रिस्त्याला त्याच सतरंजीत जुनी पायरी दिसण्याचा संभव होता. देशीकरणाच्या चळवळीचे मूल्यमापन करताना हा भेद अभ्यासकांनी फारसा ध्यानी घेतलेला नाही.

दुष्काळांनी हा सगळा संथ क्रम विस्कटून टाकला. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आणि पुढे १८९६-९७ व १८९९-१९०० चे दुष्काळ ह्यांच्या काळात मंडळ्यांत येणाऱ्यांची संख्या एकाएकी वाढली. दोन खणांची खोली आता कशासही पुरेना, आणि मंडळी पुन्हा निंबाखाली आली. दुष्काळातील ख्रिस्त्यांना ‘अन्नासाठी आलेले’ म्हणून हिणविण्यात आले. तो वाद येथे करण्याचे कारण नाही. एवढे मात्र खरे, की ह्या नव्या माणसांनी बांधलेली जागा प्रथम पाहिली ती बाहेरून.

जेथे जुने गावच नव्हते तेथे काय झाले, हे पाहणे उद्बोधक आहे. अशी दोन उदाहरणे सुप्रसिद्ध आहेत. पहिले जालन्याजवळचे बेथेल. १८४३ मध्ये मुंबईस ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण शेषाद्री ह्यांनी निजामाचे दिवाण सर सालारजंग ह्यांच्याकडून जमीन मिळवून हे खेडे वसविले. तेथे मांग व महार समाजांतून आलेली कुटुंबे राहिली. नावाची निवड अर्थपूर्ण आहे. जुन्या करारातील कथेनुसार याकोब उघड्यावर, दगड उशाशी घेऊन निजला. स्वप्नात त्याला स्वर्गाची शिडी दिसली, आणि जागा झाल्यावर तोच दगड उभा करून त्याने त्या स्थानाला बेथेल, म्हणजे देवाचे घर, असे नाव दिले. छप्पर नसलेली जागा देवाचे घर ठरल्याची ही कथा. प्रत्यक्षातील बेथेलला चर्च झाले, रस्ते झाले, विहिरी झाल्या. परंतु मुख्य गोष्ट ही, की तेथे गावकूस नव्हते. जेथे आतले कोणी नाहीत तेथे बाहेरचेही कोणी नाहीत.

दुसरे उदाहरण पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगावचे. पंडिता रमाबाईंनी तेथे शेतीसाठी जमीन घेऊन ठेवली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्यप्रांतातून शेकडो मुली आणल्या, आणि पुण्यातील प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांना ह्या उघड्या शेतावर न्यावे लागले. जेथे राहणेच राहुट्यांत व झोपड्यांत होते तेथे उपासनेसाठी निराळी जागा असण्याचा प्रश्नच नव्हता. मुक्तिसदनाचे समर्पण सप्टेंबर १८९८ मध्ये झाले आणि चर्चचा पाया पुढील वर्षी घातला गेला. दुसऱ्या दुष्काळानंतर रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली होती, हे लक्षात घेता त्या चर्चच्या आकाराचे आश्चर्य वाटत नाही. त्याच्या विस्तीर्ण फरशीवर मुली ओळीने जमिनीवर बसत. बालपणी आईबापांबरोबर तीर्थोतीर्थी, देवळांच्या आवारांत व घाटांवर पुराणे सांगत हिंडलेल्या आणि दुष्काळात आईबाप गमावलेल्या रमाबाईंना उघड्यावरच्या सभेचे सामर्थ्य ठाऊक होते, आणि उघड्यावर राहण्याचे हालही ठाऊक होते. त्यांनी छप्पर निवडले. त्यात देशीपणाचा त्याग दिसत नाही. बाके न मांडता त्यांनी फक्त छप्पर घातले.

ह्या सर्व अनुभवाला वैचारिक रूप दिले ते रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) ह्यांनी. १८९५ मध्ये मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला, त्यानंतर नगर हे त्यांचे मुख्य कार्यक्षेत्र राहिले. अभंग, पदे, भजने ह्यांनी त्यांनी मराठी ख्रिस्ती उपासनेचा कायापालट केला. ‘उपासना संगीत’ ह्या गीतसंग्रहातील पुष्कळ गीते त्यांची आहेत. टिळकांची भजने निंबाखाली आणि खोलीत सारखीच चालत, आणि त्यामुळे कीर्तनाची रात्र व उपासनेची सकाळ ह्यांतील भेद पुष्कळ उणा झाला. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून, संन्यस्त वृत्तीने ते साताऱ्यास गेले आणि तेथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे सर्व ख्रिस्तभक्त त्यात एकत्र यावेत, ही त्यांची कल्पना. दरबार हा शब्द पाहण्यासारखा आहे. चर्च, मंडळी, मंदिर ह्यांपैकी कोणताही शब्द त्यांनी घेतला नाही. वाटेवर उभ्या राहून ऐकणाऱ्या त्या कुणब्याला आत घ्यावयाचे पण उंबरठा ओलांडावयास लावावयाचे नाही, असा तो प्रयत्न होता. त्यानंतर दोनच वर्षांनी टिळक वारले आणि दरबार त्या रूपात टिकला नाही. ज्यांना ह्या कल्पनेचे अपयश केवळ टिळकांच्या भावनाशील स्वभावात दिसते त्यांनी हेही पाहावे, की उंबरठा नसलेल्या जागेत महार आणि मांग कसे बसतील ह्याचे उत्तर त्या कल्पनेत स्पष्ट नव्हते.

ते उत्तर देण्याचा प्रयत्न पुढे वर्धा जिल्ह्यातच झाला, परंतु तो ख्रिस्ती मंडळीकडून झाला नाही. जुलै १९२८ मध्ये जमनालाल बजाज ह्यांनी वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुले केले; म्हणजे उंबरठा कायम ठेवून तो ओलांडण्याची मोकळीक दिली. आदल्याच वर्षी महाडचा सत्याग्रह झाला होता आणि १९३० मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिराचा व्हावयाचा होता. तेथे मोकळीक मागितली गेली ती हक्क म्हणून. १९३६ मध्ये गांधीजी शेगावास, म्हणजे पुढच्या सेवाग्रामास, राहावयास आले. तेथील प्रार्थनेची जागा उघडीच राहिली : सपाट केलेले, बारीक खडे पसरलेले मैदान, वर आकाश. सकाळ-संध्याकाळच्या त्या प्रार्थनेत निरनिराळ्या धर्मांची वचने म्हटली जात आणि ख्रिस्ती भजनांनाही तेथे स्थान होते. वर्ध्यातील मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचे काम पाहणारे जे. सी. कुमारप्पा स्वतः ख्रिस्ती होते. सेवाग्रामच्या मैदानाला कड नव्हती, परंतु कडेवर कोणी वेगळे बसू नये हा आश्रमाचा नियम होता. नगरच्या खेड्यात जे काम दोन खणांच्या भिंतींनी केले ते येथे व्रताच्या बळावर करावयाचे होते. आश्रमाबाहेरच्या गावात ते किती साधले, हा निराळा प्रश्न. गाव आणि आश्रम ह्यांच्या संबंधांत त्यावरून ताण होतेच.

खेड्यांतील मंडळ्यांचा पुढील काळ ह्या दृष्टीने कमी रंजक आहे. पत्रा आला, नंतर सिमेंट आले. धाब्याची खोली पाडून विटांचे लहान देऊळ उभे राहिले. मराठी ख्रिस्ती खेड्यात आजही चर्चला ‘देऊळ’ म्हणताना ऐकू येते, आणि ज्यांच्या पूर्वजांना देवळात पाऊल ठेवता येत नव्हते त्यांच्या तोंडी हा शब्द रुळला ह्याची नोंद भाषाशास्त्रज्ञांनी घ्यावयास हरकत नाही. ओटा बहुतेक ठिकाणी फरसबंद अंगण होऊन राहिला. नाताळच्या रात्री भजनी मंडळ तेथेच बसते आणि लग्नाचा मांडवही तेथेच पडतो.

एक प्रश्न मात्र सिमेंटनेही सुटला नाही, तो मालकीचा. खोलीची जमीन बहुधा मिशनच्या नावावर. ओटा आणि मांडव घातला मंडळीने. अमेरिकन मराठी मिशनमधून निघालेल्या मंडळ्या १९२४ मध्ये झालेल्या संयुक्त मंडळीच्या मार्गाने पुढे उत्तर भारताच्या चर्चमध्ये विलीन झाल्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी त्या चर्चची स्थापना नागपुरास झाली. मिशने गेली, त्यांच्या मिळकती विश्वस्त संस्थांकडे आल्या, आणि कागदावर इमारतीचे क्षेत्रफळ लिहिले गेले. निंबाखालच्या सारवलेल्या जागेला गावच्या नकाशात क्रमांक नव्हता. ती कोणाची, ह्याचा पुरावा म्हणून दाखविता येण्यासारखे एकच उरते : दर घरातून आलेली कडब्याची पेंढी, आणि तिची पावती कोणी ठेवीत नसे.